उसाच्या थेंबातली साखर मोजायचं यंत्र ज्याने बनवलं, त्याने स्वतःची कंपनीच देऊन टाकली होती

दिवाळी तोंडावर आली की कोल्हापूर जिल्ह्यात एक दृश्य हमखास दिसतं. शिरोळ घ्या, हातकणंगले घ्या, करवीर घ्या. कारखान्याच्या शेतकी विभागाचा माणूस फडात शिरतो. उसाच्या कांड्याला टोच्या मारतो, रसाचा एक थेंब काढतो आणि हातातल्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर सोडतो. वरची झडप बंद करतो, नळी उजेडाकडं धरतो, एक डोळा मिटतो आणि सांगतो, एकवीस.

बांधावर उभा असलेला मालक त्या एकवीसवर खूश होतो. कारण ऊस पिकलाय, तोड यायला हरकत नाही.

त्या नळीला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. बरेच जण सरळ ब्रिक्स मीटर म्हणतात. एकवीस ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण २१ ग्रॅम विरघळलेला माल, त्यातली बहुतेक साखर. हे ब्रिक्स नाव आलं अडॉल्फ ब्रिक्स या जर्मन माणसावरून. तो १७९८ चा जन्म आणि १८७० चा मृत्यू. पण ब्रिक्सच्या काळात साखर मोजायची ती हायड्रोमीटरने. म्हणजे उंच भांडंभर रस घ्यायचा, त्यात काचेचा तरंगणारा दांडा सोडायचा आणि तो किती बुडाला ते बघायचं. दुधाच्या डेअरीत लॅक्टोमीटर सोडून डिग्री बघतात, अगदी तसंच.

एका थेंबावर काम भागवणारी गोष्ट आली ती दुसऱ्या जर्मन माणसामुळं. त्यांचं नाव अर्न्स्ट आबे. कोल्हापुरात जन्माला आले असते तर गल्लीने त्यांना आबाच केलं असतं.

आता एका थेंबाचं एवढं काय, तर थोडा हिशोब बघूया.

उसाची एफआरपी साखरेच्या रिकव्हरीवर ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलला ३५५ रुपये असा दर केंद्राने ठरवला. म्हणजे टनाला ३५५० रुपये. त्यावर रिकव्हरी ०.१ टक्क्याने वाढली की क्विंटलला ३.४६ रुपये जादा, टनाला साधारण ३५ रुपये. कोल्हापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची रिकव्हरी राज्यात वरच्या नंबरात असते. एखाद्याची १२ टक्के धरली तर टनामागं ६०० रुपये जास्त. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते ती वेगळी, पण पॉईंटच्या पुढच्या एका आकड्यावर घरातलं लग्न पुढं ढकललं जातं की उरकलं जातं हे ठरू शकतं. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी जे वातावरण तापतं ते याच आकड्यांवरून.

एक गोष्ट मात्र गल्लत न करता लक्षात ठेवायची. ब्रिक्स म्हणजे रिकव्हरी नव्हे. ब्रिक्समध्ये रसात विरघळलेलं सगळंच मोजलं जातं, क्षारसुद्धा. त्यातली खरी साखर किती ते लॅबमध्ये पोलरीमीटरवर बघतात. आणि अख्ख्या हंगामात गाळलेल्या उसातून कारखान्याने किती साखर काढली, ती झाली रिकव्हरी. एफआरपी त्यावर ठरते. फडातला ब्रिक्स सांगतो ते एवढंच की ऊस तोडायला आलाय की अजून थांबायला पाहिजे. पण तेवढं चुकलं तरी पुढचं सगळंच चुकतं.

तर हा थेंब वाचायची युक्ती शोधणारे आबे.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १८४० चा. जर्मनीतलं आयझेनाख नावाचं गाव. वडील सूतगिरणीत कामाला. दिवसाला १४ तास काम, आणि गिरणीला ऑर्डरी जास्त असल्या की १६ तास. पहाटे चारला घर सोडायचं आणि रात्री आठला सुटायचं. दुपारची सुट्टीसुद्धा नाही.

लहानगा अर्न्स्ट नाहीतर त्याची बहीण वडिलांचा डबा घेऊन गिरणीत जायची. वडील यंत्राला टेकून उभ्या उभ्या जेवायचे, रिकामं भांडं पोरांच्या हातात द्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. भरभक्कम बांध्याचा, चांगला उंच माणूस. पण ४८ व्या वर्षी म्हातारा दिसायला लागला. आबेंनी हे साठीत आल्यावर भर सभेत सांगितलं होतं. म्हणजे तो डबा त्यांच्या डोक्यातून पन्नास वर्षं गेला नव्हता.

पोरगा हुशार निघाला. गिरणीच्या मालकांनी शिक्षणाला मदत केली. १८५७ साली तो येना गावच्या विद्यापीठात गेला, तिथून गॉटिंगनला. गॉटिंगन म्हणजे त्या काळात गणिताची पंढरी. रीमान आणि वेबर यांच्यासारखे मास्तर तिथं शिकवायचे. १८६१ साली आबे डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले तेव्हा वय होतं २१. १८६३ पासून ते येनाच्या विद्यापीठात शिकवायला लागले. मान होता, पगार जेमतेम होता.

याच येनात कार्ल झाइस नावाच्या कारागिराचं वर्कशॉप होतं.

झाइस हे नाव ओळखीचं वाटत असेल. काही मोबाईलच्या कॅमेऱ्यावर ते छापलेलं असतं, चष्म्याच्या दुकानात लेन्स दाखवतानाही दुकानदार ते घेतो. तेच हे झाइस. १८४६ साली त्यांनी दुकान टाकलं, मायक्रोस्कोप बनवायला लागले, आणि १८६६ पर्यंत हजारावा मायक्रोस्कोप विकला. धंदा चांगला होता. पण झाइसच्या डोक्याला एक घोर होता.

तेव्हा जगात कुणीच मायक्रोस्कोपची भिंगं हिशोब करून बनवत नव्हतं. कारागीर काच घासायचा, बसवून बघायचा, नाही जमलं की दुसरी घासायचा. गुऱ्हाळातला गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी होते का बघतो ना, तसा सगळा हाताचा आणि नजरेचा खेळ. गुळव्या चांगला असला तर गूळ एक नंबर. पण तो गावाला गेला की? झाइसला हे नको होतं. आधी कागदावर गणित आणि मग काच, असं त्याला पाहिजे होतं. १८६६ साली त्याने विद्यापीठातल्या या २६ वर्षांच्या मास्तरला गाठलं.

आबेंनी होकार दिला. आणि पहिल्याच झटक्यात तोंडावर आपटले.

त्यांनी गणित मांडून जी भिंगं काढली ती कागदावर निर्दोष होती. बनवून बघितली तर जुन्या, अंदाजाने घासलेल्या भिंगांपेक्षा कमी दाखवत होती. दुसरा कुणी असता तर गणिताचा नाद सोडून दिला असता. आबेंनी उलट विचारलं, की वाईट भिंग चांगलं का दाखवतंय? शोधता शोधता सापडलं असं, की दोष कमी करण्याच्या नादात त्यांनी भिंगाचं तोंड लहान ठेवलं होतं. वस्तूवरून पसरणारा प्रकाश जेवढ्या रुंद कोनातून भिंगात शिरेल तेवढा बारीक तपशील दिसतो. आणि त्यालाही एक हद्द आहे. साधारण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्यापेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी, भिंग कितीही भारी बनवा, वेगळ्या दिसणार नाहीत. १८७३ साली त्यांनी हे छापलं. आज जगभर शिकवली जाणारी आबे मर्यादा ती हीच. म्हणजे नापास झालेल्या भिंगातून माणसाने भौतिकशास्त्राचा नियम काढला.

रिफ्रॅक्टोमीटर या सगळ्या धडपडीत मध्येच कुठंतरी जन्माला आला. साखरेसाठी नाहीच.

भिंगाचं गणित करायचं तर काच प्रकाशाला किती वाकवते हे अचूक माहीत पाहिजे. काचेचंही आणि तिच्यासोबत वापरायच्या तेला-पाण्याचंही. पाण्याच्या ग्लासात चमचा मोडल्यासारखा दिसतो, कारण प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो. किती वाकतो त्याला एक आकडा असतो, त्याला अपवर्तनांक म्हणतात. पाण्याचा १.३३३. त्याआधी द्रवाचा हा आकडा काढायचा तर पोकळ प्रिझम द्रवाने भरा, कोन मोजा, आकडेमोड करा, असा कुटाणा होता. आबेंनी १८६९ साली स्वतःच्या कामापुरतं एक उपकरण तयार करून घेतलं आणि १८७४ साली त्याची सगळी रचना छापून टाकली.

युक्ती साधी आहे. प्रकाश दाट काचेतून पातळ द्रवाकडं तिरका जायला लागला की एका ठरावीक कोनापलीकडं तो द्रवात शिरतच नाही, परत फिरतो. हिऱ्याची चकाकी याच प्रकारातली. आबेंनी दोन प्रिझमच्या मध्ये द्रवाचा एक थेंब दाबून बसवला. ज्या कोनापर्यंत प्रकाश जातो तिथवर उजेड, पुढं अंधार. नळीतून बघितलं की अर्धं गोल पांढरं, अर्धं काळं, मध्ये सरळ रेघ. द्रव बदलला की रेघ सरकते. रेघ कुठं आहे ते पट्टीवर वाचा, झालं काम. साध्या उजेडात रेघेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग यायचे, तर ते पुसायला त्यांनी आणखी दोन छोटे प्रिझम बसवले.

पाण्यात साखर विरघळली की हा आकडा वाढतो. २० टक्के साखरेच्या पाण्याचा १.३६४ च्या आसपास. फरक तिसऱ्या-दुसऱ्या दशांशातला, पण रेघेला तो बरोबर कळतो. पुढं कुणीतरी पट्टीवर अपवर्तनांकाच्या जागी थेट साखरेची टक्केवारी छापली, उपकरण हातात मावेल एवढं झालं, आणि ते साखर कारखान्यांत, द्राक्षाच्या बागांत, जॅमच्या फॅक्टऱ्यांत आणि शिरोळच्या फडात पोचलं. गरम झालेला रस कमी ब्रिक्स दाखवतो, म्हणून जाणता माणूस थेंब गार होऊ देतो. शेंड्याच्या कांड्यात साखर कमी, बुडख्यात जास्त, म्हणून वर, मध्ये आणि खाली असे तीन थेंब घेतो. शेंड्याचा आणि बुडख्याचा आकडा जवळजवळ आला की ऊस पक्व. एकाच बुडख्याचा थेंब दाखवून कुणी एकवीस म्हणत असेल तर शेंडाही दाखव म्हणायला हरकत नाही.

आबे इथं थांबले असते तरी नाव झालं असतं. १८७० ला ते प्राध्यापक झाले, १८७१ ला आपल्याच मास्तरांच्या, कार्ल स्नेल यांच्या मुलीशी, एल्सेशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. १८७६ ला झाइसने त्यांना भागीदार करून घेतलं. बर्लिनहून हेल्महोल्ट्झसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने प्राध्यापकीची जागा देऊ केली, ती त्यांनी नाकारली. १८७९ ला ओटो शॉट नावाच्या तरुण काचवाल्याने आपल्या नव्या काचेचा नमुना त्यांना पाठवला. आबेंनी त्याला येनात आणला आणि १८८४ ला शॉट, आबे आणि झाइस बापलेक यांनी मिळून काचेचा कारखाना काढला. गणित आबेंचं, काच शॉटची, कारागिरी झाइसची. या टीमपुढं जगात कुणी टिकेना. रॉबर्ट कॉखने १८८२ साली टीबीचा जंतू जगाला दाखवला, तेव्हा त्याच्या हाताशी याच कारखान्याचा मायक्रोस्कोप आणि आबेंनीच तयार केलेली प्रकाशयोजना होती.

पैसा आला. खूप आला. गिरणीत डबा पोचवणारा पोरगा चाळिशीत श्रीमंत झाला.

आणि इथून पुढं माणूस वेगळाच वागायला लागला.

१८८६ पासून त्यांनी येनाच्या विद्यापीठाला गुपचूप पैसे द्यायला सुरुवात केली, अट एकच, की नाव बाहेर येता कामा नये. मायक्रोस्कोपमधल्या सुधारणांवर पेटंट घेणं त्यांना पटत नव्हतं. संशोधनाला लागणारं हत्यार सगळ्यांना मिळायला पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

१८८८ च्या डिसेंबरमध्ये कार्ल झाइस गेले. पुढच्याच वर्षी आबेंनी एक संस्था काढली आणि नाव दिलं कार्ल झाइस फाउंडेशन. स्वतःचं नाव द्यायचा मोका होता, घेतला नाही. १८९१ ला आपला कंपनीतला हिस्सा त्या संस्थेच्या नावावर केला. झाइसचा मुलगा रोडरिक याच्याकडून त्याचाही हिस्सा सोडवून घेतला, त्याला मोबदला देऊन. म्हणजे कंपनीला आता मालकच उरला नाही. आबे स्वतः त्याच कंपनीत पगारी संचालक म्हणून काम करायला लागले.

त्यांचा विचार असा होता की हा नफा एकट्याच्या डोक्यातून आलेला नाही. विद्यापीठाने ज्ञान दिलं, कामगारांनी हात दिले, मग एका घराण्याने पिढ्यानपिढ्या त्यावर का बसून खावं? हे म्हणणारे लोक तेव्हाही पुष्कळ होते. स्वतःच्या शेअर्सपासून सुरुवात करणारे थोडे.

१८९६ ला त्यांनी संस्थेची घटना लिहून काढली, आणि ती वाचली की थक्क व्हायला होतं. कामगाराला पगारी सुट्टी. पेन्शन, आणि ती मागायचा कायदेशीर हक्क. नफ्यात वाटा. माणसाला घेताना किंवा बढती देताना त्याचा धर्म, वंश, पक्ष बघायचा नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे, वरच्या साहेबाचा पगार कामगाराच्या सरासरी पगाराच्या दहा पटींवर जाता कामा नये. हा नियम आबेंना स्वतःलाही लागू होता. आजच्या कुठल्या कंपनीत हा कागद नुसता फिरवून बघा.

त्याच काळात इकडं मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुट्टी मिळावी म्हणून भांडत होते. ती १८९० ला मिळाली. आणि १८९५ ला कोल्हापुरात शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. एकमेकांना न ओळखणारी ही माणसं एकाच दशकात कामाला लागली होती.

मग आला १९०० सालचा एप्रिल. आबेंनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. त्याआधी नऊ तास होते. पण माणूस मोजमापाचा. नुसता हुकूम काढला नाही. आधी कामगारांना विचारलं की नऊ तासांचं काम आठ तासांत होईल का, त्यांचं मत घेतलं आणि एक वर्षाची चाचणी लावली. वर्ष संपल्यावर नगावर पैसे घेणाऱ्या २३३ कामगारांचा हिशोब काढला. तासाची कमाई साधारण १६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे एक तास कमी काम करूनही दिवसाचं उत्पादन घटलं तर नाहीच, थोडं वाढलंच.

१९०१ साली येनात त्यांनी हे आकडे भाषणात मांडले. वडिलांचे ते १४ आणि १६ तास, यंत्राला टेकून खाल्लेलं जेवण, ही आठवणही त्यांनी तिथंच सांगितली. आपल्याकडं कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्यात यायला १९४६ साल उजाडलं.

तब्येतीने मात्र साथ सोडली होती. रात्र रात्र काम करण्याची सवय त्यांना भोवली. दुसऱ्यांना आठ तास देणाऱ्या या माणसाने स्वतःला कधी दिले नाहीत. १९०३ ला ते कामातून बाजूला झाले आणि १४ जानेवारी १९०५ ला, पासष्टी गाठायला नऊ दिवस असताना, येनातच वारले. संस्थेच्या पैशातून गावात लोकांसाठी वाचनालय आणि सभागृह असलेली मोठी इमारत उभी राहिली होती, ती त्यांना बघायला मिळाली.

पुढं महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली तशी कंपनीचीही झाली. अमेरिकन फौजांनी येना सोडताना तिथले शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ पश्चिमेला नेले, मागं राहिलेला पूर्वेकडचा कारखाना १९४८ ला सरकारजमा झाला. चाळीसेक वर्षं जगात दोन झाइस होते आणि नावावरून कोर्टात भांडत होते. जर्मनी एक झाल्यावर तेही एक झाले. झाइस आणि शॉट या दोन्ही मूळ कंपन्यांचं मालक आजही तेच फाउंडेशन आहे, जे आबेंनी १८८९ ला काढलं होतं.

येनात त्यांच्या स्मारकाच्या दगडावर मायक्रोस्कोपच्या मर्यादेचं सूत्र कोरलेलं आहे. चंद्रावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव आहे. कोल्हापूरच्या ऊस आणि गूळ संशोधन केंद्रात, कारखान्यांच्या लॅबमध्ये टेबलावर जो मोठा रिफ्रॅक्टोमीटर असतो, त्या प्रकाराला तर जगभर आबे रिफ्रॅक्टोमीटरच म्हणतात. फडातल्या त्या छोट्या नळीवर कुणाचं नाव नसतं, ब्रिक्सची पट्टी तेवढी असते. यंदा तोड आली की शेतकी विभागाच्या माणसाकडून ती एकदा मागून घ्या आणि स्वतः डोळा लावा. आत एक सरळ रेघ दिसेल, वर निळसर, खाली पांढरी. ती कुठल्या आकड्यावर आहे ते तुमचं तुम्हीच वाचू शकता.